टाकी फुल करण्याआधी

टीव्हीवर आखातात तेलाचं एक जहाज जळत होतं आणि समुद्रावर काळा धूर पसरला होता. जगात कुठे थंडी वाढो नाहीतर तोफा धडाडोत, मला त्यातून फक्त भाव ऐकू येतो. घरातला तेलतज्ज्ञ ना मी.

“कच्चं तेल भडकणार,” मी जाहीर केलं. “आत्ताच टाकी फुल करून येतो.”

“हळू बोला,” बायको पुटपुटली. मागे शेजारच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांचा मुलगा अशाच जहाजावर नोकरीला आहे.

“भाऊजी, चष्मा घरी राहिला. जहाजाचं नाव वाचता का जरा?”

मी वाचलं. नाव दुसरंच होतं. वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. पुन्हा टीव्हीकडे बघत म्हणाल्या, “मग यावर कुणाची मुलं आहेत हो?”

माझ्या हातात स्कूटरची किल्ली होती. ती कुठे लपवावी, कळेना.