रक्त फक्त ताईचं तपासलं

पिक्चर सुरू व्हायच्या आधी टॉकीजच्या पडद्यावर जाहिराती यायच्या. साबण, बिडी, साड्यांचं दुकान. ऐंशीनंतरच्या कुठल्याशा वर्षी त्यात एक नवीन जाहिरात आली, नागपुरातच सदर भागातल्या एका खासगी लॅबची. लग्नाआधी रक्त तपासा, सिकलसेल हा रक्ताचा आजार टाळा, डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही. लोक तिच्यावर शिट्ट्या मारायचे. आमच्या बाबांनी मात्र ती मनावर घेतली.

बाबा गिरणीत कामाला. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून नवस, अंगारे, पत्रिका यांचं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरायचं. रक्ताची तपासणी म्हणजे विज्ञान, आणि विज्ञान म्हटलं की त्यांचा ऊर भरून यायचा. ताईसाठी स्थळं पाहणं सुरूच होतं. तिला घेऊन ते थेट सदरला गेले.

लॅबवाल्यानं रक्तात सिकल आहे एवढं सांगितलं, कागद हातात ठेवला आणि पुढच्याला हाक मारली. ताई नुसती वाहक आहे, तिला स्वतःला काही होणार नाही, नवराही तसाच निघाला तरच लेकराला धोका, हे त्या शहाण्यानं सांगायला नको होतं का? आम्हाला ते कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ताई तर अशी धडधाकट की भरलेला हंडा कमरेवर घेऊन माझ्याशी भांडत चालायची.

मग कुही गावाहून ताईला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, चहा आला, आणि बाबांनी आपणहून तपासणीची गोष्ट काढली. आपण शिकलेली माणसं, लपवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. पाहुण्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणून उठले. वस्तीत बोभाटा झाला. पुढची स्थळं तर दारापर्यंतही आली नाहीत. नळावरच्या बायका मला विचारायच्या, तुझ्याही रक्तात आहे काय वं? आई बाबांना म्हणायची, हे विकतचं दुखणं तुम्हीच घरात आणलं. ताई हंडा उचलून त्याच नळावर जायची, आणि तेच मला बघवत नव्हतं.

दोनेक वर्षांनी खाप्याचं स्थळ आलं. त्यांना सगळं माहीत होतं, तरी तयार होते. आईचा जीव भांड्यात पडला. बैठकीत बाबा चाचरत म्हणाले, जाहिरातीत काही फक्त मुलीचं रक्त म्हटलं नव्हतं, मुलाचंही एकदा तपासून घेतलं तर? मुलाची आई शांतपणे म्हणाली, "पोराचं कायले पाहाचं? खोट तर तुमच्या पोरीत आहे."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं. गिरणीत साहेबाच्या तोंडावर बोलणारा माझा बाप मान खाली घालून म्हणाला, मी आपलं सहज म्हटलं. माझा नुसता संताप झाला, पण मला कोण विचारतंय! विहारात लग्न झालं. जावई माणूस म्हणून चांगलाच निघाला, त्याला नाव ठेवायला जागा नाही.

ताईचं बाळ रांगायला लागलं आणि त्याचे हात-पाय सुजायला लागले. थंडी पडली की रडून रडून निळं पडायचं. शेवटी त्याला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरनं तिघांचं रक्त तपासलं. जावईही वाहक निघाला, आणि बाळाला पुरता आजार होता. यावर औषध नाही, जपायचं, एवढंच डॉक्टर म्हणाला.

बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ताई बाळाचे पाय चोळत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "बाबा, तुमी माह्यं रक्त पाह्यलं. त्याईचं काहून नाही पाह्यलं गा?"

बाबा खाली बसले, बाळाचा एक पाय हातात घेतला आणि चोळायला लागले.

"हळू," ताई म्हणाली. "तिथंच दुखते त्याले."