मिठागरातल्या बारा बशा

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पीएचडीला नाव नोंदवलं, तेव्हा कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं आणि घरच्यांनी विचारलं, आता कशाला? मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. सेंद्रिय संयुगांचे धडे इतकी वर्षं शिकवून तोंडपाठ झालेत. पण त्या धड्यांत नसलेला एक प्रश्न मला छळत होता. पृथ्वीवर सजीव नव्हते तेव्हा साधे साधे रेणू एकमेकांना जोडले कसे गेले? प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. पण साखळीची एक कडी जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो, आणि पाण्यात बसून पाणी बाहेर टाकणं अवघड असतं. मग समुद्रात पहिली साखळी झाली कशी?

त्याचं एक उत्तर मीठ आहे. खारं पाणी उन्हात आटत आटत फार दाट झालं की मीठच पाणी ओढून घ्यायला लागतं, आणि सोबत थोडं तांबं असेल तर दोन रेणू जोडले जाऊ शकतात. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. पाणी आटवायचं काम माझ्या वडिलांनी जन्मभर केलं होतं. न्हावा शेव्याच्या क्रेन जिथून दिसतात तिथे खाडीकाठी आमचं मिठागर आहे. आजूबाजूची बहुतेक मिठागरं भराव घालून कंटेनरची आवारं झाली. आमचं राहिलं, ते बाबांच्या हट्टामुळे.

माझ्या मार्गदर्शक सरांना मी म्हटलं, प्रयोगशाळेतल्या भट्टीत सगळेच करतात, मी मे महिन्याच्या उन्हात खऱ्या मिठागरावर करते. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, करा, पण मुख्य प्रकरणात ते येणार नाही. एवढ्यावरच मी शहाणं व्हायला हवं होतं.

मी बारा काचेच्या बशा नेल्या. प्रत्येकीत शुद्ध मीठ, ऊर्ध्वपातित पाणी आणि ग्लायसीन, म्हणजे सर्वांत साधं अमिनो आम्ल. त्यातल्या सहांत तांब्याचा क्षार घातला, तर त्या गडद निळ्या झाल्या. उरलेल्या सहा पांढऱ्या. बांधावर काळा रंग दिलेला पत्रा टाकून त्यावर बशा मांडल्या, वर बारीक जाळी घातली. दिवसभर त्या सुकू द्यायच्या आणि संध्याकाळी मोजून दहा मिलिलिटर शुद्ध पाणी घालायचं. असं तीन आठवडे. माझं घर तिथून पाऊण तासावर. मी रोज कॉलेजातलं काम आटोपून स्कूटरवरून यायची.

बाबांना मी नीट समजावलं. हात लावायचा नाही, जाळी काढायची नाही, कोणी जवळ आलं तर हटकायचं. बाबा हो म्हणाले. बाबा सगळ्यालाच हो म्हणतात.

तिसऱ्या दिवशी आले तर जाळी घडी करून पत्र्याच्या कडेला दगडाखाली ठेवलेली. का काढली म्हणून विचारलं, तर म्हणाले, सावली पडत होती, सुकणार कसा? मी जाळी परत घातली. पाचव्या दिवशी पुन्हा काढलेली. मी आवाज चढवला. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की मीठ कसं सुकतं ते मला तुझ्याकडून शिकायचं नाही.

सातव्या दिवशी भावाने भर घातली. त्याचे दोन ट्रेलर बंदरावर चालतात. जागा अडली म्हणून त्याने एक ट्रेलर थेट आमच्या बांधाच्या रस्त्याला आणून वळवला, आणि तांबड्या मुरुमाची धूळ पत्र्यावर बसली. नशिबाने त्या दिवशी जाळी जागेवर होती. मी फोनवर त्याला बोलले तर म्हणाला, "ताई, तुझ्याकडे एसी लॅब आहे. ती सोडून इथे उन्हात कशाला मरतेस?" शिवाय ताई मिठागरात जीव बनवतेय असं त्यानेच गावात पसरवलं होतं. पुढचे दोन दिवस मासळी घेऊन जाणाऱ्या बायका बांधावर थांबून मला विचारत होत्या, काय झालं का? जणू घरात बाळंतीण होती. मी सांगितलं की जीव नाही, फक्त दोन रेणू जोडायचे आहेत. त्यांची निराशा झाली. एकीने तर विचारलंही, मग एवढा खटाटोप कशाला.

पण खरा तमाशा बाराव्या दिवशी कळला. पेपर तपासण्याच्या कामामुळे मी दोन दिवस येऊ शकले नव्हते. आले तर सहा पांढऱ्या बशांमध्ये पाणी होतं आणि त्याला फिकट गुलाबी झाक आली होती. निळ्या मात्र कोरड्या ठाक.

"बाबा, यात पाणी कोणी घातलं?"

"मी घातला. सुकलेला व्हता."

"कुठलं पाणी?"

त्यांनी हनुवटीने समोरच्या वाफ्याकडे दाखवलं. मिठागराचं पाणी, ज्याच्या एका थेंबात लाखो जंतू असतात. मी दोन दिवस नव्हते म्हणून त्यांनी माझं काम केलं होतं. त्यांच्या हिशेबी तो उपकार होता. मग निळ्यांत का नाही घातलं, असं मी रागानेच विचारलं. ते म्हणाले, त्यात मोरचूद हाय, विखाला कोन हात लावील? ते मोरचूद नव्हतं, पण तांब्याचाच क्षार, म्हणजे भावकीतलंच होतं, आणि त्यांचा अंदाज चुकला नव्हता.

मी तिथेच बांधावर बसले. रडू येत नव्हतं, नुसतं डोकं तापलं होतं. बारा दिवस ऊन खाल्लं, स्कूटरचं टायर दोनदा पंक्चर झालं, आणि हाती आल्या सहा नासलेल्या बशा. मी बाबांना बरंच बोलले. सांगितलं ते ऐकत नाही, स्वतःला सगळं कळतं असं समजता, आयुष्यभर आईलाही असंच केलंत. शेवटचं बोलायला नको होतं. त्यांनी फळी उचलली आणि मीठ ओढायला वाफ्यात उतरले.

तरीही तीन आठवडे पुरे केले. त्यानंतर सगळ्या बशा कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेल्या. निळ्यांतलं तांबं काढून टाकलं, प्रत्येक बशीतला थेंब कागदी पट्टीवर चढवला आणि वर निनहायड्रिन फवारलं. या फवाऱ्याने अमिनो आम्लाचा ठिपका जांभळा होतो. पांढऱ्या बशांमध्ये ग्लायसीनचा ठिपका जवळजवळ उरलाच नव्हता. घातलेलं गेलं कुठे? निळ्यांत ग्लायसीनचा मोठा ठिपका होता आणि सहापैकी चारांत त्याच्या बाजूला एक पुसट, अगदी पुसट ठिपका. जोडरेणूचा तयार नमुना मी शेजारी चढवला होता, त्याच्याच उंचीवर, म्हणजे जोड झाला होता. मी खुर्चीवर बसून पाणी प्यायले.

पांढऱ्या बशांचं काय झालं ते मी बाबांना सांगायला गेले, कारण बांधावरच्या भांडणानंतर आम्ही फारसं बोललो नव्हतो. म्हटलं, तुमच्या पाण्यातले गुलाबी जंतू ग्लायसीन फस्त करून बसले. गुलाबी रंग त्यांना नवा नव्हता. वाफा लालसर झाला की मीठ धरणार, हे ते माझ्या जन्माआधीपासून बघत होते. तो रंग म्हणजे जंतू, हे मात्र त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. थोडा विचार करून म्हणाले, "तू जेवान मांडलास, ते जेवले. उघड्यावर ठेवलेला कोन सोडतो?"

 माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर मी हेच लिहिलं होतं. आज एखाद्या डबक्यात पहिली साखळी पुन्हा तयार व्हायला लागली तरी टिकणार नाही, कारण खाणारे आधीच हजर आहेत. सजीव नव्हते तेव्हाच तिला सवड मिळाली. चार पुस्तकं वाचून लिहिलेलं हे वाक्य, आणि तरीही मी उघड्या मिठागरावर बशा मांडून बाबांवर ओरडत होते. स्वतःचाही राग येतो तो असा.

सरांकडे पट्ट्या घेऊन गेले. त्यांनी त्या खिडकीशी धरल्या. पहिलाच प्रश्न कडेच्या जांभळ्या ठशांबद्दल. घामात अमिनो आम्लं असतात, त्यामुळे बोटांचे ठसेही त्या फवाऱ्याने उमटतात. मी लगेच म्हटलं, वडिलांचा हात लागला असेल. मग लक्षात आलं की बाबांनी या पट्ट्या पाहिल्याच नव्हत्या. थेंब चढवले त्या दिवशी लॅबचा एसी बंद होता, हातमोजे चिकटत होते म्हणून मीच काढून ठेवले होते. तसं कबूल केलं. सरांनी पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

पुढे त्यांनी निळ्या बशांचं विचारलं. मी सगळं सांगितलं, दोन दिवस पाणी चुकल्याचंसुद्धा.

"वडिलांनी निळ्या बशांना हात लावला नाही, याला पुरावा काय?"

"ते नाही म्हणालेत."

"तो पुरावा नाही, मॅडम."

सरांचं बरोबर होतं. पण मी उठून उभी राहिले. ज्या माणसाला मी बांधावर नको ते बोलले होते, त्याचं नाही म्हणजे नाहीच असतं, हे या खोलीत सिद्ध करायला माझ्याकडे काहीच साधन नव्हतं. मी म्हटलं, माझे वडील खोटं बोलत नाहीत, आणि ते वाक्य त्या टेबलावर किती हास्यास्पद वाटलं ते मला बोलतानाच कळलं.

शेवटी पुढच्या उन्हाळ्यात सगळा प्रयोग कॉलेजच्या गच्चीवर, कुलपाआड, झाकणबंद बशांत केला. तांब्याच्या सगळ्या बशांमध्ये ठिपका आला. प्रकरण मंजूर झालं. मिठागराच्या तीन आठवड्यांना प्रबंधात चार ओळी मिळाल्या, त्यातली एक सरांनी गाळली.

जुन्यातली एक पट्टी मात्र मी बाबांना दाखवायला नेली. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनला ते हो म्हणतात, फक्त जात नाहीत. ओटीवर बसून त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ धरली. मी सांगितलं की हा बघा, तुमच्या मिठागरावर झालेला जोड.

"दिसला," ते म्हणाले. बघत होते दुसऱ्याच टोकाकडे.

"बाबा, तिथे नाही. इथे, पेन्सिलीच्या गोलात."

"तिथं पन दिसला."

मी पट्टी त्यांच्या हातातून घेतली, नीट फिरवली, बोट ठेवून दाखवायला लागले. तेवढ्यात ते उठले. उधाणाची वेळ झाली होती आणि बांधातल्या उघाडीचं, म्हणजे पाणी आत घ्यायच्या वाटेचं, दार लावलं नाही तर खाडीचं पाणी वाफ्यांत घुसतं. पायात चप्पल न घालताच ते बांधावर चालू लागले. चप्पल घाला म्हणून मी ओरडले, आणि ते हो म्हणाले.