शिवा, धर ठेका

निडी गावचा शिवा रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर आहे. चाळिशीला टेकलेला, अंगानं बारीक, बोलणं मोजकं. कुणी फुकट चहा पाजला तरी ह्याच्या मनात पहिल्यांदा येतं, ह्याला माझ्याकडून काय हवंय? बायको म्हणते, लग्नात मी हार घातला तेव्हाही तुम्ही तो उलटसुलट करून बघितलात. पण हा स्वभाव जन्मापासूनचा नाही. मिथुनशी मैत्री तुटली तेव्हापासूनचा आहे.

मिथुन म्हणजे तोच, 'खारं पाणी' बँडचा गाणारा. कासूच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात त्याचं घर, बाप मिठागरात राबलेला. शिवाच्या घरी भात आणि वाल, आणि काका लग्ना-जत्रेतल्या खालूबाजात वाजवणारा. काकाची टिमकी शिवाच्या हातात लहानपणीच आली. कॉलेजात दोघांची गाठ पडली. मिथुनकडे एक जुनी गिटार होती आणि डोंगराएवढा आवाज. शिवानं टिमकीचा ठेका त्या गिटारखाली घातला आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. गणपतीच्या मांडवात, जत्रेत, कुठं जागा मिळेल तिथं दोघं वाजवत सुटले. पुढं विशाल नावाचा पेणचा पोरगा आला. तो बास गिटार वाजवायचा, आणि त्याहून बरं म्हणजे माणसं जोडायचा. त्यानंच मुंबईचा पहिला मोठा शो आणला.

त्याच आठवड्यात शिवाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. ते अंथरुणाला खिळले, आणि कंपनीतली नोकरी नुकतीच लागलेली. शिवा मुंबईला गेला नाही. शो झाला, गाजला. परत आल्यावर विशाल एकटाच भेटायला आला आणि म्हणाला, "मिथुन म्हणतो, शिवाचं नाव माझ्यापुढं काढू नका."

बस, एवढंच. शिवानं ना फोन केला, ना कासूला गेला. मिथुनची गाणी रिक्षात वाजली की तो उतरून चालत जायचा. शिफ्टवरच्या पोरांनी मोबाईलवर शो लावला की तो व्हॉल्व्ह बघायला निघून जायचा. अशी बारा-तेरा वर्षं गेली. आणि मागच्या महिन्यात नाशिकहून येताना गाडीतच मिथुनच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

रोह्याला एका मंगल कार्यालयात आठवणींचा कार्यक्रम ठेवला, तेव्हा शिवाला बोलावणं आलं नाही. तो आपणच गेला आणि मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसला. बघायचंच होतं त्याला, कोण काय सांगतं ते.

स्टेजवर विशाल माईक घेऊन उभा होता. पोट सुटलेलं, डोळे सुजलेले. पहिल्या रांगेत मिथुनची आई, धोंडुबाई, पदर डोक्यावरून ओढून बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, असं कुणीतरी शेजारी कुजबुजलं.

एकेक जण उठत होता. कुणी म्हणे, मिथुन माझ्या घरचं वालाचं बिरडं खाल्ल्याशिवाय गायचा नाही. शिवाच्या कपाळाला आठी पडली. मिथुनला वाल बघवत नसत. कुणी म्हणे, त्याला पहिली गिटार मीच दिली. असं म्हणणारे तासाभरात दोघं झाले. मेलेल्या माणसाचे मित्र असे पावसाळी छत्र्यांसारखे उगवतात, शिवा मनात म्हणाला.

मग पनवेलचा आदेश उठला. त्याचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. तो म्हणाला, "'बंधारा' हे गाणं कुंडलिका नदीच्या पुलावर जन्मलं. मोटरसायकल बंद पडली होती. मी मागे बसलो होतो. टाकीवर ठेका धरला, आणि मिथुनला तिथल्या तिथं चाल सुचली."

शिवाच्या कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. त्या गाडीवर मागे तो होता. टाकीवर हात त्याचा होता. विशाल सोडला तर ही गोष्ट तिसऱ्या माणसाला माहीत असायचं कारणच नव्हतं. म्हणजे विशालनंच वाटून टाकलंय सगळं, त्याला वाटलं. शिवाच्या आठवणी प्रसादासारख्या वाटल्या, ज्याला पाहिजे त्यानं घ्या.

चहाच्या वेळी त्यानं आदेशला गाठलं.

"गाडी कुणाची होती?"

"मिथुनची."

"मिथुनकडं तवा गाडी नव्हती. कुठनं कुठं चालला व्हतात?"

आदेशनं कप खाली ठेवला. "तुम्ही कोण?"

"सांगा ना. अष्टमी गावाकडनं येत व्हतात की तिकडं जात व्हतात?"

"अहो, तो शोमध्ये सांगायचा हे. इतक्या वेळा ऐकलंय की वाटतं आपणच होतो." आदेश ओशाळून हसला आणि गर्दीत मिसळला.

शोमध्ये सांगायचा? शिवा चक्रावला. माझं नाव काढू नका म्हणणारा माणूस शोमध्ये काय सांगायचा? माझी गोष्ट त्यानं स्वतःच दुसऱ्याच्या नावावर केली की काय?

कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. साहिल नावाचा एक तरुण माईकपाशी आला. नागोठण्याचा, जवळजवळ सगळे शो बघितलेला. त्यानं बाही वर केली. दंडावर भलामोठा त्रिशूळ गोंदलेला होता.

"दादा महादेवाचा भक्त होता," साहिल म्हणाला. "तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटचं गाणं 'बंधारा'. त्याच्या आधी दादा पुलाची गोष्ट सांगायचा. गाडी बंद, अंधार, आणि शिवानं ठेका धरला. मग डोळे मिटून म्हणायचा, 'शिवा, धर ठेका.' आणि सगळं गप्प. ड्रमरला सक्त ताकीद होती, चार ठोक्यांइतका वेळ काही वाजवायचं नाही. तेवढा वेळ मोकळा. मग गाणं. त्या शांततेत आम्हाला डमरू ऐकू यायचा, खरंच सांगतो."

"हर हर महादेव!" कुणीतरी ओरडलं. अख्ख्या हॉलनं साथ दिली.

शिवाला मात्र काही ऐकू येत नव्हतं. 'बंधारा'च्या सुरुवातीला टिमकीचे चार ठोके होते. ते त्यानं बसवले होते. मिथुननं ते दुसऱ्या कुणाला वाजवू दिले नव्हते.

तो कधी उभा राहिला ते त्याचं त्याला कळलं नाही. "तो महादेव नाय," तो म्हणाला. "तो शिवा मी हाय."

माना वळल्या. कुणी हसलं. मागून आवाज आला, "हा आणखी एक आला!" साहिल तर चिडलाच. "काका, आज तरी असलं काही बोलू नका. खरे असाल तर या इथं, वाजवून दाखवा."

"मी परीक्षेला नाय आलो."

"बघा!" साहिल लोकांकडे बघून म्हणाला.

शिवानं विशालकडे पाहिलं. विशाल माईकच्या वायरीशी चाळा करत होता. ओळख दाखवील, नाही दाखवील, काही सांगता येत नव्हतं. दिवसभर शिवा ज्या नजरेनं लोकांकडे बघत होता, त्याच नजरेनं आता सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. तो दाराकडे वळला.

"कोण रं बोलला त्यो?" पहिल्या रांगेतून धोंडुबाईचा आवाज आला. "पुन्यांदा बोल."

"मी. निडीचा शिवा."

"पुढं ये."

तो गेला. म्हातारीनं त्याचे हात हातात घेतले, बोटं चाचपली, मग त्याच्या कानशिलाला हात लावून घळाघळा रडायला लागली. "ह्योच तो. माझे घरात चुलीपाशी बसून पातेली बडवायचा. माझा मिथुन आन् ह्यो, एका ताटात जेवलेत. त्याचं नाव घेतल्याबगर पोरगा कदी गायला नाय."

विशाल माईकमध्ये कसाबसा म्हणाला, "आई खरं सांगते."

बँड शेवटचं गाणं वाजवणार होताच. ड्रमर पोरगा आपण होऊन उठला आणि त्यानं काठ्या पुढं केल्या. शिवाला नाही म्हणवलं नाही. किती वर्षांनी हातात काठी आली होती. दुसरा ठोका घसरला, तिसरा उशिरा पडला. चौथा मात्र जिथं पडायचा तिथंच पडला, आणि विशालनं गाणं उचललं. हॉलमधले अर्धे लोक तरीही हर हर महादेव म्हणाले.

खाली उतरल्यावर साहिल समोर आला. दंड चोळत म्हणाला, "मग हे मी काय गोंदून घेतलंय?"

"असू दे रं," शिवा म्हणाला. "महादेव काय वाईट हाय?"

विशालला त्यानं खुर्च्या उचलणं चाललं होतं तिथं गाठलं. "माझं नाव काढू नका म्हणाला व्हता का तो? खरं सांग."

"म्हणाला होता. रागात." विशालनं खुर्ची खाली ठेवली. "पुढं चार-सहा महिन्यांनी तो राग गेला. मला म्हणाला, शिवाला घेऊन ये. मी म्हटलं, आणतो. तेव्हा नवा ड्रमर बसला होता, तारखा लागल्या होत्या... मी आलोच नाही. तूही कधी विचारलं नाहीस."

हेही खरं की आणखी एक सारवासारव, हे शिवाला ठरवता येईना. भांडायचं म्हटलं तर अंगात त्राण नव्हतं.

धोंडुबाईला गाडीत बसवून गावी पोचवायचं होतं. विशालची गाडी उभी होती, पण म्हातारी शिवाचा हात सोडेना. मग शिवाच त्या गाडीत तिच्यासोबत निघाला. वाटेत ती म्हणाली, "तू का नाय आलास रं इतकी वर्सं?"

"मला वाटलं, तो माझ्यावर रागावलाय."

"आन् त्याला वाटायचं, तू." ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "तिथं लय लोक बोलले. मना कायच पटलं नाय. तू सांग. पुलावर काय झालेलं?"

"गाडी माझ्या काकाची व्हती," शिवा म्हणाला, "आन् पेट्रोल भरायचं मिथुन इसरला व्हता."

म्हातारी पदरात तोंड घालून हसली. "व्हय," ती म्हणाली, "हे पटतंय."