कुंकू लावलेलं कोकरू

चहा आधी पिऊन घ्या बरं. माझ्या अकलेची ही गोष्ट सुरू झाली का कप तसाच थंड होऊन जाते.

रामाकोन्याच्या आमच्या संत्राबागेत खतासाठी धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या. जाताना तो एक मेंढी अन तिची दोन काळी जुळी कोकरं आमच्याकडेच ठेवून गेला. कारण एकाचे मागचे पाय लाकडासारखे ताठ. उठाले गेलं का पडे. ते काय मुक्कामोमुक्काम चालणार? माझ्या बायकोचा तं जीवच अडकला त्याच्यात.

सौंसरच्या जनावरांच्या डॉक्टरसाहेबांनी पाहिलं. म्हणे, मायले हिरवा चारा भेटला नाही, व्हिटॅमिन ई कमी पडलं. औषध दोघाईले पाजा, पण दिवसातून एकदाच. दोनदा गेलं तं जिवावर बेतन.

आता मी पडलो शिस्तीचा माणूस! घरात नियम केला. जो आधी उठन त्यानं औषध पाजायचं अन त्या कोकराले कुंकू लावायचं. कुंकू दिसलं का समजायचं, पाजून झालं. आहे का नाही डोकं?

रोज सकाळी पाहतो तं आजारी कोकराच्या कपाळावर ताजं कुंकू हजर. म्हटलं, बायको किती काळजी घेऊन राहिली! मी दुसऱ्याले पाजायचो अन ऐटीत चहाले बसायचो.

पाच दिवस झाले. धडधाकट होतं ते अजूनच उड्या मारून राहिलं. आजारी मात्र दूध प्यालेही मान उचलेना. माझं टाळकं सरकलं. गेलो डॉक्टरसाहेबांकडे, अन चार लोकांसमोर त्यांच्या औषधाची पार इज्जत काढली.

ते बिचारे गाडी काढून माझ्या मागंच घरी आले. बायकोले विचारलं, "ताई, तुम्ही याले औषध किती पाजता?"

"मी कायले पाजीन जी? औषध तं हे पाजतेत. मी पूजा झाली का याले देवाचं कुंकू लावतो, बरं व्हावं म्हणून."

"अवं, नियम सांगितला होता ना मी!"

"कोणाले?"

खरंच, कोणाले सांगितला होता? लय आठवून पाहिलं. बहुतेक मेंढीले.

डॉक्टरसाहेबांनी हसू गिळलं अन पहिला डोस स्वतःच पाजला. तेव्हापासून औषध बायकोच्या हाती. मले फक्त कोकरू धरून आणायचं काम.

काही दिवसांनी सकाळी मी पडून राहिलेलं आजारी कोकरू उचललं अन तिच्यासमोर आणून ठेवलं. तिनं पाहिलं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अवो, हे दुसरं होय. आपलं ते पाहा, बांधावरून उड्या मारून राहिलं."