अकरा मागण्या आणि आईचं तिकीट

माझा नवा करार ठरायच्या आधी आईचा पासपोर्ट तयार होता. मी व्हिएतनाममध्ये एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते. दोन वर्षांचा करार संपत आला होता, नव्याची बोलणी व्हायची होती, आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी अमरावतीला घरी पोचले, तर मी पिशवी खाली ठेवायच्या आत आईनं तो पासपोर्ट माझ्या नाकासमोर धरला. फोटो बरा आला का, एवढंच तिला विचारायचं होतं.

आमची फुलांची शेती. आई रोज सकाळी फुलबाजारात बसते, आणि आईला जे कळतं ते नऊ वाजेपर्यंत सगळ्या बाजाराला कळतं. मोगऱ्याच्या पलीकडच्या गाळ्यावरच्या चाचींनी मला पाहिल्या पाहिल्या विचारलं, "अम्मी को कब ले जा रही?" मी हसून वेळ मारून नेली.

दोष माझाच. मीच कधीतरी फोनवर बोलून गेले होते की आमच्या शाळेतल्या शिक्षकांना वर्षातून एकदा घरच्या एका माणसाला बोलावता येतं. व्हिसाची कागदं शाळा करते, जाण्यायेण्याचं तिकीट देते, महिनाभर वेगळं घर देते. सगळं सांगितलं, फक्त हे कुणाला मिळतं ते सांगायचं राहिलं. ते मिळतं इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टवाल्यांना. करारात त्यांना 'मातृभाषक' म्हटलंय. मी, एक नेपाळी सर आणि माझ्या शेजारच्या खोलीतली फिलिपिन्सची बाई, आम्ही तिघं बाकीचे. वर्ग तोच, पुस्तक तेच, तास तेवढेच. उलट वाक्य अडलं की ते मातृभाषकच आमच्याकडे येतात. मग त्यांच्या आईनं विमानात बसायचं आणि माझ्या आईनं पासपोर्टाचा फोटो लोकांना दाखवत फिरायचं, हा कुठला न्याय?

हे वाक्य पत्रकातलं वाटलं असेल तर बरोबरच वाटलं. मी पत्रकांवरच वाढले. एम.ए. झाल्यावर अमरावतीत तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, कॉलेजात शिकवत होते, आणि आम्हा तासिकावाल्यांच्या आंदोलनाची पत्रकं मीच लिहायची. निवेदनंही मीच. आमच्याकडे निवेदनाचा एक साचा आहे. वरून 'सविनय', मध्ये मागण्या, आणि शेवटी ती ठरलेली ओळ: अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी प्रशासनाची राहील. त्याखाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून चार नावं. गल्लीतला दिवा गेला तरी ही ओळ, वाचनालयातला पंखा बंद पडला तरी हीच ओळ. साहेब लोक तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. पण ती नसली तर म्हणतात, यांना काही घाई दिसत नाही.

तर मी बसले आणि शाळेच्या संचालिका बाईंना निवेदन लिहिलं. इंग्रजीत, झकास. अकरा मागण्या. कुटुंबभेट सगळ्यांना हवी ही पहिली, मग आजारपणाची रजा, खोलीत एकट्यानं राहण्याचा हक्क, आणि हात गरम झाला तसं स्टाफरूमच्या चहापर्यंत आले. शेवटी हातानं आपोआप ती ओळ लिहिली, शब्दाला शब्द. खाली प्रत माहितीस्तव: नेपाळी सर आणि फिलिपिन्सची बाई. त्यांना न विचारता. आमच्याकडे विचारत नाहीत, नाव असणं हा मान असतो. पाठवलं आणि दोन्ही हात झटकले. खरं सांगते, अंगात वारं भरलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला मी सापडल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पत्र मिळालं. ते शाळेच्या वकिलांकडे दिलं आहे. 'तीव्र आंदोलन' म्हणजे नेमकं काय आणि 'परिणाम' कोणते, याचा खुलासा होईपर्यंत तुमच्या आणि पत्रात नावं असलेल्या दोन शिक्षकांच्या करारांचं नूतनीकरण थांबवलं आहे.

त्याच्या मागोमाग फिलिपिन्सच्या बाईचा आवाजी निरोप आला. भांडण नाही, शिवी नाही. तिचे वडील थकलेले, तिला तिथली नोकरी टिकवायची आहे. ती एवढंच म्हणाली, "मला विचारलं का नाहीस?" मी तो निरोप एकदाच ऐकला. दुसऱ्यांदा ऐकायची हिंमत झाली नाही.

आईला अर्धंच सांगितलं, की काम जरा अडलंय. आई म्हणाली, "अडलं म्हंजे? मी तं सुटकेस पाहून ठेवली."

संचालिका बाईंशी व्हिडिओ कॉलवर बोलायची वेळ ठरली ती नेमकी अकोल्यात, मामाच्या मुलीच्या हळदीच्या दिवशी. मामा फळांचा अडत्या. आदल्या दिवशी मी त्याला सगळं पत्र मराठीत करून ऐकवलं. तो आंब्याच्या पेट्यांवर बसून ऐकत होता. शेवटच्या ओळीला त्यानं मान डोलावली, त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही. तो अडला दुसरीकडेच.

"अकरा?" तो म्हणाला. "अवो पोट्टे, गिऱ्हाइकासमोर अकरा आंबे मांडले का थे नासका हुडकते. एक दाखव. हातात दे. वास घेऊ दे."

मी म्हटलं, मामा, बाकीच्या दहा मागण्या खोट्या आहेत का? त्यावर तो म्हणाला, खोट्या कोण म्हणते, पेटीत राहू दे.

मला ते मुळीच पटलं नाही. मागण्या सोडायच्या असतात हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुपारी दोनला माडीवरच्या खोलीत दार लावून बसले. खाली हळदीचा धिंगाणा. कूलर लावला तर घोंघाटात काही ऐकू येईना, म्हणून तो बंद केला. मे महिन्यात अकोल्यात बंद खोलीत कूलरशिवाय बसणं हेच मुळात तीव्र आंदोलन आहे. पाच मिनिटांत कुर्ता पाठीला चिकटला. पडद्यावर संचालिका बाई, पन्नाशीच्या, नीटनेटक्या, हसू नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, परिणाम म्हणजे काय.

मग मी सांगितलं. आमच्याकडे हे असंच लिहितात, पंख्यासाठीसुद्धा. त्यांनी विचारलं, मग आंदोलन होतं का? मी म्हटलं, कधी होतं. आम्ही कॉलेजसमोर सतरंजी टाकून बसतो, घोषणा देतो, कुणीतरी चहा आणतं. आणि काही मिळतं का? मी म्हटलं, बहुतेक वेळा पुढची तारीख मिळते.

त्या हसल्या नाहीत, पण खुर्चीत जरा सैल झाल्या. म्हणाल्या, त्यांच्या वकिलानं या ओळीवर दोन पानं लिहून दिली आहेत.

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली, एका हातात पन्ह्याचा पेला, गालाला हळद फासलेली. मी हातानं खुणावलं तरी ती माझ्या शेजारी येऊन बसली, पडद्यात डोकावली आणि नमस्कार केला. संचालिका बाईंनीही मान झुकवली आणि विचारलं, याच का तुमच्या आई? मी हो म्हटलं. त्या क्षणभर आईकडे बघत राहिल्या. मग जे बोलल्या ते ऐकून मी घाम पुसायचंही विसरले.

"आईंना घेऊन या," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुरतं मी वेगळं पत्र देते. तिकीट, घर, सगळं. फक्त ते तुमच्या-माझ्यात राहील."

आईनं विचारलं, काय बोलून राहिली? मी सांगितलं. आईचा चेहरा उजळला.

"मंग हो म्हण नं. तिच्या तोंडाकडं काय पाह्यतं?"

मी म्हटलं, आई, हे फक्त आपल्याला. बाकीच्या दोघांना नाही.

"थे त्याइचं पाह्यतीन. तू त्याइची वकील हायस काय?"

"त्यांचं माझ्यापायी थांबलंय, आई. मी न विचारता त्यांची नावं टाकली."

आमच्या आंदोलनात एक सर होते. सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. एकदा बंद दाराआड त्यांना एकट्याला कायमची जागा मिळाली आणि दुसऱ्या दिवशीपासून ते सतरंजीवर आले नाहीत. त्यांच्याविरुद्ध मी पिवळ्या कागदावर एक पानभर पत्रक लिहिलं होतं आणि ते स्वतः वाटलं होतं. आता दार बंद होतं आणि आत मी होते. शिवाय आई शेजारी बसलेली, म्हणजे मोह पन्ह्याचा पेला घेऊन बसलेला. मला तेव्हा पहिल्यांदा त्या सरांची जरा दया आली. माफ मात्र केलं नाही, आजही नाही.

मी संचालिका बाईंना म्हटलं, दहा मागण्या मी मागे घेते. त्या दोघांचं नूतनीकरण आधी सोडा, त्यांनी काही लिहिलेलं नाही. आणि कुटुंबभेट द्यायची तर सगळ्यांना द्या, पासपोर्ट कुठलाही असो. मला एकटीला नको.

त्यांनी विचारलं, "आणि नाही दिली तर?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी इतकी निवेदनं लिहिली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी म्हटलं, "तर जुन्याच करारावर येईन आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागेन. मला तुमच्याकडे शिकवायला आवडतं. खोटं कशाला सांगू?"

त्यांनी बघते म्हटलं आणि पडदा काळा झाला. आईला इंग्रजी येत नाही, पण नकार कुठल्याही भाषेतला तिला कळतो. ती पेला उचलून खाली गेली. पन्हं मला दिलंच नाही.

मग सुरू झाला बहिष्कार, आणि तो अस्सल होता. आई माझ्याशी थेट बोलेना. पंगतीत माझ्यासमोर मामाला म्हणाली, "तुया भाचीले सांग, वरणात मीठ हाय. नाईतं सगळ्याइले सारखं पायजे म्हणून अजून टाकन." मामा तोंडावर रुमाल धरून उठून गेला. अकोल्याहून परतताना एसटीत शेजारी जागा असून ती दोन बाकं पुढं बसली. मूर्तिजापूरला मी केळी घेतली, ती तिनं घेतली आणि सालं मला परत दिली. मला रागही येत होता आणि रडूही. आई चुकत नव्हती. मीही चुकत नव्हते. असल्या भांडणावर पत्रक लिहिता येत नाही.

सोमवारी सकाळी फुलबाजारात आईजवळ मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसले होते, न बोलता, आणि मेल आला. ओल्या बोटानं फोन उघडेना. कुर्त्याला हात पुसून उघडला. आम्हा तिघांचं नूतनीकरण मंजूर. आणि नव्या करारांमध्ये कुटुंबभेट दोन वर्षं पूर्ण केलेल्या सगळ्या शिक्षकांना, पासपोर्टाची अट नाही. तिकीट मात्र यापुढे सगळ्यांनाच एका बाजूचं.

मी उठून उभी राहिले. पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, मराठीत, त्या गर्दीत.

आई विसरली की ती माझ्याशी बोलत नाही. "सगळ्याइले?"

"सगळ्यांना."

"मले बी?"

"तुला बी. पण बघ नं, एकाच बाजूचं देतात. बरोबरी करायची म्हणून सगळ्यांचं अर्धं केलं. हा काय प्रकार आहे? मी लिहिणार आहे त्यांना."

आईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. "काही लिवू नको. जायाचं देते नं? येयाचं मी माया फुलाइतून काढतो. तू कळ्या निवड."

चाचींनी पलीकडून गुलाबाच्या पाकळ्यांची मूठ आईच्या डोक्यावर टाकली आणि पुढचा तासभर आईनं एकाही गिऱ्हाइकाला सुखानं जाऊ दिलं नाही. भाव सांगायच्या आधी विमान सांगायची. मी त्याच दिवशी झेरॉक्सच्या दुकानात करार छापला, दुकानातच सह्या केल्या आणि पाठवला. फिलिपिन्सच्या बाईला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, माफ केलं, पण पुढच्या वेळी आधी मला दाखव, तुझं इंग्रजी फार भांडखोर आहे.

तारखांवर मात्र आईनं मला गप्प केलं. जुलैत पेरणी, मग गणपती, मग दसरा-दिवाळीचा झेंडू. झेंडू सोडून ती स्वर्गातही जाणार नाही, मग व्हिएतनामची काय कथा. दिवाळी झाल्यावर येतो म्हणाली, आणि तेव्हा मागंपुढं नाही.

त्यामुळे पहिली कुटुंबभेट तिची झाली नाही. माझी सुट्टी संपायच्या आत, सुट्टीतही तिथंच राहिलेल्या फिलिपिन्सच्या बाईचे वडील तिच्याकडे पोचले. शाळेच्या फाटकासमोर उभे, काठी हातात, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. तो फोटो मी आईला दाखवला. तिनं तो स्वतःच्या फोनवर मागून घेतला आणि बाजारभर फिरवला. चाचींनी विचारलं, ये कौन?

"मायी पोरगी लढली, त्यानं हा बुढा तिकडं गेला," आई म्हणाली. "आता मी जाऊन पाह्यतो, त्याले खोली बरोबर देली का नाई."