सांगितलं की करतो

माझ्या नवऱ्याच्या डोक्याला मार लागला, आणि तो मार गावाला दोन वर्षं दिसलाच नाही. पाय मोडला असता तर कुबडी दिसली असती, लोकांनी सरकून जागा दिली असती. पण टाके पडले केसांखाली. केस वाढले, टाके झाकले गेले आणि गावाच्या लेखी माणूस बरा झाला. वरून मलाच विचारायचे, "बाई, माणूस तर टकाटक आहे, तूच काऊन तोंड पाडून राह्यली?" असा राग यायचा, की बोलणाऱ्याच्या हातातला चहाचा कप परत घ्यावा.

ब्रह्मपुरीहून येताना सांजवेळी रानडुक्कर आडवं गेलं होतं. हेल्मेट होतं, पण गाडीच्या हँडलला लटकवलेलं. नागपूरला अकरा दिवस शुद्ध नव्हती, मग महिनाभर दवाखाना. घरी आला तो स्वतःच्या पायाने चालत आला. सासूने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, भिंतीपलीकडेच राहतात आणि सासू त्यांच्याकडे असते. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. मीही एक खाल्ला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही वाटलं की सुटलो.

चार-पाच दिवसांत कळलं. सकाळी ब्रशला पेस्ट लावून हातात दिला, तर तो ब्रश धरून उभाच. मी चूल पेटवून आली, तरी उभा. "घासा ना," म्हटलं, तर घासायला लागला. आणि मग घासतच राहिला, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत, कारण थांबा म्हणायचं मी विसरली होती. जेवणाचं तेच. वाढत गेलं की खात जाणार, नाही वाढलं तर उपाशी बसणार, मागणार नाही. भात करपून घरभर धूर झाला तरी त्याला वास नाही. आणि हा कोण, तर ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं तो. धानाच्या गिरणीवर मशीन चालवायचा आणि त्या धडधडाटातही त्याचंच बोलणं ऐकू यायचं. मला चिडवल्याशिवाय त्याला घास जात नव्हता. आता विचारलं तर "हाव" नाही तर "नाई", आणि नाही विचारलं तर दिवसभर एक शब्द नाही.

नागपूरला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून नीट समजावलं. दोन वर्षांत नीट समजावलं ते त्यांनी एकट्यांनीच. म्हणाले, "कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो, तो माणसाला उठवतो, कामाला लावतो. यांचा तोच दुखावला आहे. गाडीचं इंजिन चांगलं आहे, पण सेल्फही गेला आणि किकही. कोणी धक्का दिला तर चालेल. नाही दिला तर आहे तिथे उभी. हा आळस नाही, हट्ट नाही, सोंग नाही. यांना तहान लागेल, पण तहान लागली म्हणून उठून पाणी घेणं यांच्याकडून होणार नाही. काही गोष्टी सुधारतील, वेळ लागेल. तोवर यांना एकटं सोडायचं नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका."

मी घरी येऊन सगळ्यांना बसवून शब्द न् शब्द सांगितला. सासू म्हणाली, "थो लहानपणापासूनच आळशी आहे." भासरे म्हणाले, "डॉक्टर लोक असेच भेव दाखवते. बसून बसून अंग जड होते माणसाचं, दुसरं काई नाई."

मी अंगणवाडी सेविका. तिकडे वीस लेकरांना हात धुवा, ओळीत बसा, घास खा म्हणायची आणि घरी आली की हा एकविसावा. मी कामावर असताना तो अंगणवाडीच्याच ओट्यावर बसलेला असायचा, मी दारातून नजर ठेवायची. उठा. टॉवेल घ्या. आता पुसा. आता शर्ट. जीभ दुखायची माझी. एकदा वैतागून म्हटलं, "बसा मग तसेच, मेलं तुमचं!" तर बसला तसाच, दिवस मावळेपर्यंत, लघवीलाही उठला नाही. पँट ओली झाली तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यानंतर मी रागातसुद्धा तोलून बोलायला शिकली. गावाला यातलं काय दिसायचं? बायको नवऱ्याला उठबस सांगते एवढंच दिसायचं.

मग आलं मंडईचं नाटक.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत नाटक होतं. बायांची पात्रं करायला वडशाहून नट्या येतात, पुरुष गावचेच. आमच्या गावात पाठांतर कोणी करत नाही. विंगेत प्रॉम्प्टर पुस्तक घेऊन बसतो, तो वाक्य सांगतो आणि नट ते मोठ्याने म्हणतो. आमच्या गावचा प्रॉम्प्टर म्हणजे माझे भासरे. आणि नोकराचं विनोदी काम वर्षानुवर्षं माझ्या नवऱ्याचं. अपघातानंतरची पहिली मंडई तशीच गेली. दुसऱ्या वर्षी मंडळी घरी आली. मी नाही म्हटलं. भासरे म्हणाले, "लोकात आला तर सुधरीन. तू त्याले घरात कोंडून राह्यली." सगळ्यांसमोर म्हणाले. मी गप्प बसली. तिथेच चुकली मी.

नाटक झालं, आणि काय झालं म्हणून सांगू! त्याच्यासारखं काम त्या रात्री कोणाचंच झालं नाही. भासरे विंगेतून वाक्य सांगत, तो ते जसंच्या तसं म्हणे. नोकराचंच काम, त्यामुळे दुसरी पात्रं त्याला हाताला धरून इकडे ओढत, तिकडे ढकलत. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. लोक पोट धरधरून हसले. "काय तोंड ठेवलं बे त्यानं!" म्हणून माझ्या पुढचा माणूस मांडीवर थापा मारत होता. एक प्रवेश संपला, सगळी पात्रं आत गेली आणि हा रंगमंचाच्या मधोमध उभा. आत जायचं पुस्तकात कंसात लिहिलेलं असतं, ते प्रॉम्प्टर वाचत नाही. पुढच्या प्रवेशाचे राजा-राणी आले तरी हा तिथेच. शेवटी भासऱ्यांनी येऊन शर्टाला धरून ओढत नेलं, तर लोकांनी शिट्ट्या मारल्या. साऱ्या मंडपात मी एकटी रडत होती. बाजूची बाई म्हणाली, "आनंदाचे आसू आहेत, रडू द्या."

ज्या गावाचा जन्म प्रॉम्प्टरवर नाटक पाहण्यात गेला, त्या गावाला एवढंही कळू नये? वाक्य कोण सांगत होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण टाळ्या वाजल्या आणि निकाल लागला. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेली, तर एकजण तोंडावर म्हणाली, "भाऊ तर एक नंबर काम करते. घरीच काऊन बिमार राहते मग?" सासू तर त्याच्याही पुढे गेली. "हिनंच त्याले बिमार करून ठेवलं. मुठीत पाहिजे ना नवरा." ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, तर जळत होतं माझं आणि शेकून जात होतं गाव.

उन्हाळी धान लागलं, तसे भासरे रोज सकाळी दारात यायला लागले. "चाल रे वावरात." मी त्याला सोडत नव्हती. भांडणं झाली. मी म्हटलं, "भाऊजी, त्यांना एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं आहे." ते म्हणाले, "तीन घंटे नाटक करते माणूस, बांधीतलं पाणी नाई पाहू शकत? थो का लहान लेकरू आहे?" सासू म्हणाली, "तुह्या डॉक्टरनं नाटक पाह्यलं नाई वाटते."

मे महिन्यात तालुक्याला आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण लागलं. त्याला सोबत नेता येत नव्हतं. आता जे खरं आहे तेच लिहिते, कारण याबद्दल मला कोणी विचारत नाही आणि मी कोणाला सांगतही नाही. मी दुसरी सोय करू शकली असती. माझी आई एका निरोपावर आली असती. पण मी थकली होती. एक दिवस कोणाला उठा-बसा म्हणायचं नाही, आयता चहा प्यायचा आणि खुर्चीवर बसायचं, एवढाच लोभ होता. भासरे म्हणाले, "आज माह्यासंग येऊ दे." मी म्हटलं, "घेऊन जा. पण दहाच्या आत घरी आणा. घंट्या-घंट्याने पाणी पी म्हणा. सावलीत बस म्हणा. म्हणावं लागते त्यांना." ते हसले. "हाव, म्हणतो ना बाई," म्हणाले. आणि मी एसटीत बसली.

सकाळी सातला ते दोघं बांधीवर, म्हणजे आमच्या धानाच्या शेतावर पोचले. मोटर सुरू होईना. भासरे त्याला म्हणाले, "इथीच थांब, मी मेकॅनिकले घेऊन येतो." त्याच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवली आणि गेले. मेकॅनिक गावात नव्हता, म्हणून त्याची वाट पाहत चहाच्या टपरीवर बसले. तिथे कोणी भेटलं, गोष्टी निघाल्या. मग जेवायला घरी आले. भाऊ कुठे म्हणून सासूने विचारलं, तर म्हणाले, "बसला असन झाडाखाली." जेवून आडवे झाले.

तो उभा होता. झाड वीस पावलांवर होतं, चांगलं डेरेदार मोहाचं. दुपारी एकच्या सुमाराला तेंदूपत्त्याचा भारा घेऊन जंगलातून परतणारी गावातलीच एक बाई त्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून चालली होती. तिने मला नंतर सांगितलं. "भाऊ उन्हात उभे होते, अंगाला घामाचा थेंब नाई. मी म्हटलं, भाऊ, सावलीत या ना. तर आले बाई, म्हटल्याबरोबर आले, आणि झाडाखाली येऊन पडले." बाटली भरलेली होती. झाकणाचं सीलही तुटलं नव्हतं.

मला फोन आला तेव्हा प्रशिक्षणात भजी वाटत होते.

सरकारी दवाखान्यात पोचली तर त्याला झटके येत होते आणि दोन नर्स बर्फाने अंग पुसत होत्या. तो वाचला. पण तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की ताप एवढा चढला की मेंदूचा मागचा भाग, जो माणसाचा तोल सांभाळतो, तोही दुखावला. आता तो चालतो तर पाय फाकवून, लडबडत. हातात कप धरला तर अर्धा चहा सांडतो. बोलताना जीभ जड पडते.

आणि आता, बघा, गावाला सगळं दिसतं! आता ओट्यावर त्याला आधी जागा देतात. त्याच्याशी हळू बोलतात. "अरेरे, डोक्याचाच मार तो," म्हणतात. सासू येईल त्याला सांगते, "माह्या पोराच्या डोक्यात बिघाड आहे, त्याले एकटं सोडाचं नाई." जसं काही तिनेच शोधून काढलं. दोन वर्षं या एका वाक्यासाठी मी सगळ्यांच्या दारात वाईट झाली. ते आता फुकट मिळतं, आणि ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

दवाखान्यातून घरी आणल्यावर आठवडाभराने भासरे आले. इतके दिवस ते मला तोंड दाखवत नव्हते. खाटेशेजारी जमिनीवरच बसले, नवऱ्याचा हलणारा हात दोन्ही हातात धरला आणि हमसून हमसून रडायला लागले. एवढा मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदाच पाहिला. "मले का मालूम थो तसाच उभा राहीन," म्हणाले. मी म्हटलं, "मालूम होतं तुम्हाला. मी सांगितलं होतं."

मग त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "माह्यावर राग आहे का रे तुले? सांग ना. हाव का नाई, काई तं म्हण एकडाव."

नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काय म्हणायचं ते मी सांगेन, म्हणून तो वाट पाहत होता. भासरेही माझ्याकडे पाहत होते. "नाही म्हणा," एवढंच म्हणायचं होतं मला, आणि तो म्हणाला असता.

मी तेवढं म्हटलं नाही.