वहिनीने न सांगितलेलं नाव

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. कुणाचं कौतुक करणं मला सहसा जमत नाही. वहिनीचं मात्र करावंच लागतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दोघांचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान. पुढे काउंटर, मागे दोन यंत्रं, त्यामागे वाळवणाच्या तारा. दादा इस्त्रीच्या टेबलाशी, वहिनी यंत्रांपाशी आणि मी काउंटरवर, कारण गिऱ्हाइकांशी भांडायला कुणीतरी हवंच. लोक कपडे टाकून निघून जातात, पण कपड्यांबरोबर घरातलं काय काय येतं ते त्यांच्या गावीही नसतं. कुणाकडे बाळ झालंय, कोण वेगळ्या खोलीत झोपायला लागलंय, सगळं आधी आम्हाला कळतं. वहिनीचा नियम एकच, दुकानात कळलेलं दुकानाबाहेर न्यायचं नाही. एकदा एक बाई तिच्या खनपटीलाच बसली, नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात काय सापडलं ते सांग म्हणून. वहिनी म्हणाली, "खिशाचं काही माहीत नाही बाई, बटण तुटलं होतं, ते लावून दिलंय." मी हसू दाबायला मागे पळाले.

गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ही दोघं चौकातल्या मोठ्या हॉटेलात जेवायला गेली. वहिनी मांसाहार करत नाही. दादाने चिकन खाल्लं आणि उरलेलं डब्यात बांधून आणलं. दुसऱ्या दिवशी त्याला जे उलट्या-जुलाब सुरू झाले, ते थांबेचनात. जीव वाचला, पण मूत्रपिंडांना मार बसला. अजून त्याला इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहवत नाही, आणि औषधपाणी कधी संपेल ते डॉक्टरही सांगत नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं, उरलेलं अन्न आहे का, तपासू या. उरलेलं कसलं काय. वहिनीने दादाच्या चादरी तर उकळत्या पाण्यातून काढल्याच होत्या, हॉटेलचा तो प्लॅस्टिकचा डबासुद्धा रिकामा करून, घासूनपुसून, लख्ख करून फडताळात पालथा घातला होता. घाण दिसली की तिचे हात थांबत नाहीत. पुरावा होता तो, पुरावा. मी कपाळाला हात लावला.

मग आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी नीट समजावून सांगितलं. अन्न तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात तक्रार करायची, म्हणजे ते स्वयंपाकघर तपासतील. ग्राहक मंचात भरपाई मागायची. पोलिसांतही जाता येतं, पण तिथे पुरावा फार पक्का लागतो. "बिल आहे, दवाखान्याचे कागद आहेत, तपासणीत जंतूही सापडलेत," त्या म्हणाल्या. "पण ते त्याच जेवणातून आले हे दाखवायचं कसं? त्या दिवशी तिथे जेवून आजारी पडलेला आणखी एक जरी माणूस मिळाला, तर आपली बाजू भक्कम होईल. नाहीतर ते सरळ म्हणतील, घरी काहीतरी खाल्लं असेल."

वहिनीने कागद पिशवीत भरले. मी तिच्याकडे बघत राहिले. कारण असा माणूस आम्हा दोघींनाही माहीत होता.

दादा दवाखान्यात असतानाच त्या हॉटेलमालकाच्या घरून गाठोडं आलं होतं. त्यांचे कपडे आमच्याकडेच येतात. सशांची चित्रं असलेल्या छोट्या चादरी होत्या. गाठोडं टाकता टाकता त्यांचा ड्रायव्हर बोलून गेला, "साहेबांची धाकटी मुलगी शनिवारी हॉटेलातच जेवली, तेव्हापासून उलट्या चालल्यात." दादा जेवला तोही त्याच शनिवारी.

वकीलबाईंच्या जिन्यातच माझं पित्त खवळलं. "वहिनी, तू मूग गिळून का बसलीस? सांगून टाक ना."

"ते दुकानात कळलंय," ती म्हणाली.

"दादाच्या जिवापेक्षा दुकान मोठं?"

"दादाच्या जिवाचं मला सांगू नकोस." एवढंच बोलली आणि पुढे चालायला लागली. त्या दिवशी मला तिचा इतका राग आला की मी तिच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही.

सरकारी माणसं हॉटेल तपासायला गेली, तोवर तिथलं स्वयंपाकघर आरशासारखं झालं होतं. काही सापडलं नाही. महिने उलटले. मंचाने समेटासाठी बैठक बोलावली. लांबट टेबल, मधोमध मध्यस्थ बाई, एका बाजूला आम्ही दोघी आणि वकीलबाई, समोर हॉटेलमालक आणि त्याचा वकील. मालक मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

त्याचा वकील म्हणाला, "त्या दिवशी शेकडो लोक जेवून गेले. आजारी तुमचे यजमान एकटेच? दुसरं कुणी माहीत आहे तुम्हाला?"

"आहे," वहिनी म्हणाली.

मालकाने मान वर केली.

"कोण?"

"ते मी सांगणार नाही. धुवायला आलेल्या कपड्यांवरून कळलंय मला. लोक विश्वासाने कपडे टाकतात."

वकील हसला. "म्हणजे कुणीच नाही."

मी उठणारच होते. वहिनीने टेबलाखाली माझा गुडघा घट्ट दाबून धरला. मध्यस्थ बाईंनी उसासा टाकून कागद आवरायला घेतले. आमची केस तिथेच बुडाली, असं मी धरून चालले. मालक मात्र वहिनीकडे एकटक बघत होता.

"थांबा," तो वकिलाला म्हणाला. वकिलाने त्याच्या दंडाला हात लावला, तो त्याने बाजूला केला. "माझी धाकटी. त्याच शनिवारी, तेच चिकन. दवाखान्याचे कागद घरी आहेत. आणून देतो."

मला वाटलं, आता तरी वहिनी चार शब्द सुनावेल. मी असते तर सोललंच असतं त्याला.

"आता कशी आहे ती?" वहिनीने विचारलं.

"बरी आहे." तो थोडा अडखळला. "तुमचे यजमान?"

इतक्या महिन्यांत त्या बाजूने कुणी हे पहिल्यांदा विचारत होतं. वहिनीने माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

"उभं राहवत नाही त्यांना," ती म्हणाली, आणि कधीचं सगळं दाबून ठेवलेली ती बाई त्या सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली.